वाघरीवरून गेलेलं विमान

विमान चालवायचं लायसन्स माझ्या कपाटात आहे. बायको ते भिंतीला लावू म्हणते आणि मी तिच्यावर उगाच खेकसतो.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी विमान शिकायला लागलो, ते आकाशाच्या ओढीनं वगैरे नाही. चुलत्यांच्या रागानं. रांजणगावच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करणारा मी, सुट्टीच्या दिवशी विमान शिकतो हे कळल्यावर ते पारावर चारचौघांत म्हणाले, "मेंढरं सोडली, आता जिमीन बी सोडतूय. पडंल कुठंतरी, आन् आपल्याला गोळा करावं लागंल." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

आमच्या घराण्यात मेंढरं एकट्या त्यांनीच ठेवली होती. वडिलांनी आपल्या वाट्याची विकून घोड नदीकाठी शेती धरली, ते त्यांनी वडील गेल्यावरही माफ केलं नाही. ऊस तुटला की ते कळप घेऊन आमच्याच रानात बसायचे, लेंड्यांचं खत आम्हाला मिळायचं. पण आमच्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही.

शिकवणारे साहेबही त्याच माळेतले. लँडिंग चुकलं की म्हणायचे, "शेळ्या हाकतोयस का?" त्यांना माझी जात माहीत नव्हती, माहीत असती तरी हेच म्हणाले असते. मी दातओठ खात शिकलो.

परीक्षेच्या आधी एकट्यानं लांबचं उड्डाण करायचं होतं. दौंडचे रूळ दिसले की उत्तरेला वळायचं, शिरूरवरून फिरून परत यायचं. आमचं गाव वाटेतच. "उंची सोडलीस तर लायसन्स विसर," साहेबांनी बजावलं होतं.

सकाळचे सव्वासात झाले होते. आमचं मोकळं रान दिसलं, त्यात मेंढरं कोंडायच्या जाळीचा, वाघरीचा, गोल दिसला. शेजारी पांढरं मुंडासं. माझं डोकं फिरलं. बघू दे म्हटलं, कोण पडतंय. मुंडाशाखालचं तोंड वर झालेलं दिसेपर्यंत मी खाली आलो आणि इंजिनाचा पुरा आवाज करत त्यांच्या डोक्यावरून गेलो. वळून पाहिलं तर वाघर फुटली होती आणि मेंढरं रानभर पांगत होती.

आमच्यात दिवाळीलाही वाघरीजवळ साधी लवंगी वाजवत नाहीत. कोंडलेली मेंढरं भ्याली की सगळी एका अंगाला रेटतात आणि लहान कोकरं पायाखाली जातात. चौथीत असताना एक आपटबार फोडला म्हणून याच चुलत्यांनी मला बदडलं होतं. पुण्याच्या एखाद्या पोराला हे ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी मला फक्त ते मुंडासं दिसत होतं.

मी उतरेपर्यंत गावातून कुणाचातरी फोन आला होता. साहेबांनी मला गाडीत घातलं. "खरं निघालं तर परीक्षा नाही, परत इथं पाऊलही नाही," एवढंच रस्ताभर बोलले.

चुलते बांधावर बसून फाटलेली वाघर जोडत होते. शेजारी घोंगड्याखाली चार कोकरं झाकलेली होती. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. आता हा म्हातारा जन्माचा राग काढणार, याची मला खात्री होती. काढायला हवाही होता.

"आजोबा, सकाळी इथं विमान खाली आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग ही जाळी?"

"लांडगा शिरला हुता."

साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मग गाडीकडे गेले. मी चुलत्यांपाशीच उभा राहिलो.

"आबा, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"तुझ्यासाठी न्हाई. आपल्या घरच्यानं कोकरं मारली, ह्ये परक्याला कशाला सांगू?" त्यांनी गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "आन् लांडगा म्हनलो, त्यात खोटं कुठं बोललो म्या?"