ओल्या कागदातला गहू

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नॉर्थ डकोटाचा अनोळखी नंबर, म्हणून दोनदा कट केला. मग मेसेज आला : 'मी डेल, तुझ्या मावशीचा शेजारी. प्लीज फोन कर.' नलूमावशी दुपारी जेवून खुर्चीत बसली, ती उठलीच नव्हती. याला आता पाच आठवडे होतील. तिच्यावर लिहायला बसते आणि उठते... कारण तिच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं.

मावशी परभणीला शेतकी शिकलेली. लग्नानंतर काकांच्या बीट-साखरेच्या कारखान्यातल्या नोकरीपायी त्या सपाट, वाऱ्याच्या मुलखात गेली, आणि काका गेल्यावरही तिथेच राहिली. काउंटीतले शेतकरी तिला पिकं बघायला बोलावत. वसंत ऋतूत बर्फ वितळलं की ही रबरी बूट घालून शेताशेतांतून फिरणार, जमिनीत थर्मामीटर खुपसणार, पेरणी कधी करायची ते सांगणार. गहू उगवून आला की गुडघ्यांवर बसून फूटभर ओळीतली रोपं मोजणार. दर रविवारी मला फोन करायची आणि कुणाची पेरणी किती झाली, कुठे पाणी साचलंय, कुणाच्या कोवळ्या गव्हाला थंडी बाधली, हे सगळं सांगायची. मी स्पीकरवर टाकून भांडी आवरायचे.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला ती रेडमंडला आमच्याकडे आली होती. घरात तीसेक माणसं, सगळी सॉफ्टवेअरमधली. मैत्रिणीच्या सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" मावशी हसून म्हणाली, "मी ना, शेतात रांगते आणि..." तिचं वाक्य तोडून मी म्हणाले, "मावशी प्रोफेसर आहे, रिसर्च करते." ते का म्हणाले, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. तिच्या नखांत माती होती आणि माझा बॉस समोर उभा होता. मावशीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "वा! कशावर रिसर्च?" मावशी शांतपणे म्हणाली, "गव्हावर." बास, एवढंच. माझं खोटं तिनं सांभाळून घेतलं आणि आरतीच्या तयारीला लागली. 

यंदा एप्रिलमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "मधू, आठवडाभर येशील का गं? डॉक्टर ड्राइव्ह करू देत नाहीत. यंदा बर्फ उशिरा गेलं, सगळे एकदम पेरायला निघतील. मला नुसतं शेतांवर नेऊन सोड." आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. मी हो म्हणाले, तिकीटही काढलं. चार दिवस आधी कॅन्सल केलं. "रिलीज आहे गं, मला निघताच येत नाहीये." रिलीज पुढं ढकलली गेली होती. मला सुट्टी मिळाली होती, आणि ती चिखलात घालवायची नव्हती. त्या शनिवारी आम्ही मैत्रिणी ट्यूलिपची शेतं बघायला गेलो. मी फोटो स्टेटसला टाकले, मावशीही ते बघते हे साफ विसरून. संध्याकाळी तिचा मेसेज : 'ट्यूलिप सुरेख. माती फार ओली दिसतेय, बूट खराब झाले असतील. जुना टूथब्रश वापर, निघतं.' मी स्टेटस काढून टाकलं.  रविवारी फोन आला नाही. पुढच्या मंगळवारी मात्र डेलचा आला.

अंत्यविधीसाठी फार्गोच्या विमानतळावरून दोन तास गाडी चालवत तिच्या गावी गेले. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यात जागच्या जागी उभी पेरणीयंत्रं. मला वाटलं, जेवणाची सुट्टी असेल. गावातल्या हॉलबाहेर पिकअप ट्रकची रांग पाहिली तेव्हा उलगडा झाला. वर्षातले पेरणीचे हातावर मोजण्याइतके दिवस, त्यांतला अर्धा दिवस मोडून ही माणसं मावशीसाठी आली होती. कुणाच्या भुवयांवर अजून धूळ होती. एक उंच म्हातारा माझ्यापाशी आला. "तू मधू ना? मी डेल. नेली म्हणायची, तिकडे तुझ्याशिवाय काम अडतं." मावशीला ते नेली म्हणत. मग इंग्रजीत मध्येच एक मराठी शब्द घालून तो म्हणाला, "आज जमिनीला वाफसा आहे." मी दचकले. "हा शब्द तिनंच शिकवला. ना चिखल ना कोरडी, पेरायला नेमकी ओल, यासाठी आमच्याकडे एक शब्दच नाही." मी मराठी असून तो कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मावशीच्या घरी आला आणि दारातच टोपी काढून घुटमळला. "विचारायला बरं वाटत नाही... पण घरचं जुनं बियाणं तपासायला मी तिच्याकडे दिलं होतं. उद्या पाऊस आहे. त्याआधी पेरायचं, तर किती उगवेल ते कळायला हवं." फ्रीजवर पाच प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत ओल्या कागदी टॉवेलची गुंडाळी. "यातली माझी कुठली, ते वाचता येत नाही," तो म्हणाला. नावं मावशीच्या अक्षरात होती, मराठीत. 'डेल, घरचं बी. शंभर दाणे.' मी ती गुंडाळी टेबलावर उलगडली. मटकीला यावेत तसे मोड, पण लांब आणि हिरवट. मावशी खुर्चीत होती तेव्हाही आणि नंतरही ते वाढत राहिले होते.

"कोंब आणि मुळं दोन्ही असतील तेवढेच धर," डेल म्हणाला. "तुला ठाऊकच असेल. तिनं शिकवलंच असणार."

"नाही," मी म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही." आणि मग राहवलं नाही. "डेल, त्या आठवड्यात मला काही काम नव्हतं. मी खोटं बोलले होते."

 "त्या आठवड्यात मीच तिला फिरवलं," तो म्हणाला. "तिला माहीत होतं. बोलली नाही काही, पण माहीत होतं." 'असू दे' असं काही तो म्हणेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि समोर बसला. "मोज," तो म्हणाला. "सावकाश मोज."

 पहिल्यांदा एक्क्याऐंशी आले, दुसऱ्यांदा एकोणऐंशी. "तिचे दोन्ही वेळा सारखे येईपर्यंत ती उठायची नाही," डेल म्हणाला. तिसऱ्यांदा ऐंशी. चौथ्यांदाही ऐंशी. त्यानं आकडा तळहातावर लिहिला, टोपी घातली आणि तो पेरायला गेला. उरलेल्या चार पिशव्यांवरची नावं वाचून मी त्या घरांना एकेक करून फोन लावले, आणि मावशीच्या टेबलाशी बसून पुढची गुंडाळी उलगडली.