गोठ्याच्या मागचं खाचर

या ग्रुपवर मी तीनेक वर्षं आहे, आणि इथल्या निम्म्या गूढ अनुभवांखाली "आधी डोळे तपासून घ्या" ही कमेंट माझीच असते. कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासायचं माझं काम. एकच नमुना दोनदा तपासल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. घरात कुणी अंगात आल्याच्या गप्पा सुरू केल्या की मी भांडी घासायला उठते. तेव्हा आज माझंच नाव या अनुभवाखाली बघून ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या... तुमच्यावर मी भरपूर हसले आहे, फिट्टंफाट होऊ दे.

मी शीतल. बिरवाडीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत भाड्याने राहते. आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की वर डाव्या हाताला. नाव सांगत नाही, कारण गावचे दोघंतिघं या ग्रुपवर आहेत आणि त्यांना एवढं पुरेसं आहे! तिथे आई एकटी राहायची. वडील जाऊन सात वर्षं झाली. पाच खाचरं भाताची, ती आईच बघायची.

महाशिवरात्रीच्या आसपास आईच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, चालायलाही लागली, जीभ थोडी जड झाली... पण उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. मी तिला बिरवाडीला घेऊन आले. महाडच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी रबराचा चेंडू दिला आणि रोज दाबायला सांगितलं. आईने तो डाव्या हाताने उचलला आणि खाटेखाली भिरकावला.

"ह्यो चेंडू काय मला भाकर देनार हाय?"

दादा नालासोपाऱ्याला असतो. माणूस वाईट नाही, आईच्या काळजीने अर्धा झाला होता. त्याने येऊन सांगून टाकलं, "हे बघ आई, गावाला एकटी कशी करणार तू? मे संपेपर्यंत बघू. स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलीस तर मी स्वतः गावी सोडतो. नायतर माझ्याकडे यायचं. फायनल."

तो गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नालासोपाऱ्याला जाणं म्हणजे घराला कुलूप आणि खाचरात रान, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं, पण दादाचं चुकत होतं असंही म्हणवत नव्हतं.

आता गेमबद्दल. माझा एक छंद आहे, लॅबमधल्या मैत्रिणी त्याला वेड म्हणतात. जुन्या, हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या फाइली मी कॉम्प्युटरवर उघडून बघते. गेम बनवताना बऱ्याच गोष्टी करायच्या ठरतात आणि मग रद्द होतात... चित्रं, गाणी, अख्ख्या खोल्या. पण त्या पुसून टाकत नाहीत, तशाच आत राहतात. शिंप्याने उरलेल्या चिंध्या शर्टाच्या अस्तरात शिवून टाकाव्यात, तसं. खेळणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत. माझ्यासारखे उद्योगी लोक त्या शोधतात आणि एका फोरमवर टाकतात.

माझ्याकडे दादाने खूप वर्षांपूर्वी सेकंडहँड आणलेला एक हँडहेल्ड आहे, त्यात शेतीचा एक जपानी गेम. अंगण, गोठा, भाजीचा वाफा, कोंबड्या. एक बाई कामं करत फिरते. त्याच्या फाइलीत मला कॉलेजात असताना भातलावणीची चित्रं सापडली होती. चिखल, पाणी, रोपं आणि वाकून लावणी करणारी बाई, दोन वेगवेगळ्या रंगांच्या कपड्यांत. गेममध्ये भात कुठेच नाही! लावणी करायचं ठरवून त्यांनी सोडून दिलं असावं. हे नीट लक्षात ठेवा: फाइलीत सुटी चित्रं होती, ती जुळवून केलेलं शेत नव्हतं आणि तिथे जायचं दारही नव्हतं. मी तेव्हा सगळं तपासलं होतं. दोनदा.

तर चेंडू नको म्हणाली म्हणून मी आईच्या हातात तो गेम दिला. डाव्या अंगठ्याने बाई चालवायची, उजव्या अंगठ्याने बटण दाबून रोप लावायचं. पण आईच्या वळलेल्या मुठीत गेम अडकवला की उजवी तर्जनी वरच्या कडेच्या बटणावर दाबूनच राहायची. ते बटण दाबून धरलं की बाईचं तोंड फिरत नाही, त्यामुळे आईची बाई अंगणभर उलटी, पाठीमागे चालत हिंडायची. मी हसायला लागले.

"अगं, पुढे बघून चालव की."

आईने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की सही न करता रिपोर्ट परत आल्यासारखं मला वाटलं.

"लावनी कुनी म्होरं चालत करतं काय गो? लावलेलं तुडवशील."

खरंच की. भात लावतात ते मागे सरकत. शेतकऱ्याची मुलगी असून माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण शाळा, कॉलेज, नोकरी, या नादात मी लावणीला कधी खाचरात उतरलेच नव्हते. बांधावर चहाची किटली घेऊन जायचे, तेवढंच.

एप्रिल संपत आला होता. माझी पहिली शिफ्ट, साडेतीनला घरी आले तर आई खिडकीपाशी खाटेवर बसलेली, गेममध्ये गुंग. मी सहज डोकावले. स्क्रीनवर भाजीचा वाफा नव्हता... चिखल होता, पाणी होतं आणि रोपांच्या चार-पाच ओळी. ती चित्रं मी बघताक्षणी ओळखली. मीच नव्हती का ती फाइलीतून बाहेर काढली? पण आता ती जुळलेली होती. एकाखाली एक पाच खाचरं, सगळ्यात वरचं विळ्यासारखं वाकडं आणि अरुंद, खालच्याच्या कोपऱ्यात एक झाड. अगदी आमच्या शेतासारखं!

"आई, इथे कुठून आलीस तू?"

"कुठून म्हंजे? गोठ्याच्या पाठून. पाठी पाठी चालत."

मी गेम तिच्या हातातून घेतला. पहिल्यांदा काय केलं असेल, तर बाईला पुढे चालवून बघितलं. ती खाचरातून बाहेर आली आणि थेट अंगणात. परत गोठ्यामागे नेली, कडेचं बटण दाबून धरलं, उलटी चालवली... भिंत. दहा वेळा केलं. भिंत.

"घालवलंस ना!" आई वैतागली. गेम ओढून घेतला, वळलेल्या मुठीत बसवला आणि बाईला गोठ्यामागे मागे मागे नेलं. पापणी लवावी तेवढा वेळ स्क्रीन काळी झाली... आणि खाचर समोर.

भर दुपार होती. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मी जेवणाचा डबा तसाच धरून जमिनीवर बसले.

संध्याकाळी फाइल परत उघडली. चित्रं होती, शेत नव्हतं, दार नव्हतं. आईचा सेव्ह केलेला गेम कॉम्प्युटरवर चालवला, तर बाई गोठ्यापाशी निमूट उभी. फोरमवर विचारलं, तिघांनी आपापल्या गेममध्ये करून बघितलं. तिघांनाही भिंत. एकाने माझीच ओळ मला ऐकवली: डोळे तपासून घ्या.

त्यानंतर आईची रोज दुपारची लावणी सुरू झाली. सुरुवातीला अंगठा हलायचाच नाही, अख्ख्या दुपारी दोन रोपं लागायची. मग पाच. मग एक ओळ. घाम फुटायचा तिला. मी "पुरे कर" म्हटलं की म्हणायची, "पाऊस काय माझ्यासाठी थांबनार हाय?" तिसऱ्या खाचरात एका जागी ती बाईला वळसा घालायची. मला तिथे नुसता चिखल दिसत होता.

"तिथं काय आहे?"

"धोंडा हाय आत. टाचेला लागतो."

मेच्या मध्यावर खाचरात दुसरी बाई आली. दुसऱ्या रंगाच्या कपड्यांतली. तिला आई चालवत नव्हती, ती आपली आपणच मागे सरकत रोपं लावत होती. आईला त्याचं काहीच नवल नव्हतं.

"भागी हाय ती. उशिरानंच येते, पयल्यापासनं."

भागीकाकू म्हणजे आमच्या शेजारची. तीस वर्षं आई आणि ती एकमेकींच्या लावणीला जातात, एकीच्या पातीशेजारी दुसरीची पात. पात म्हणजे लावणीत प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पट्टा. भागीकाकू चांगली धडधाकट आहे, गावात आहे. पण स्क्रीनवरच्या त्या दोघींच्या मधोमध एक पट्टा मोकळाच राहत होता, एका माणसापुरता. त्याबद्दल मी विचारलं नाही. खरं सांगू? मला विचारायची भीती वाटली.

आणि मग तो दिवस. रविवार, दुपारचे चार. मी आईच्या शेजारी बसून शेंगा सोलत होते. शेवटच्या खाचरात दोघी मागे सरकत बांधाला आल्या. आईने शेवटचं रोप लावलं आणि श्वास सोडला... आणि तिची तर्जनी त्या कडेच्या बटणावरून उचलली गेली. मग मधलं बोट. मग बाकीची. तीन महिने वळलेली मूठ, फूल उमलावं तशी हळूहळू उघडली. स्क्रीनवरची बाई सरळ उभी राहिली, वळली आणि आमच्याकडे तोंड करून थांबली.

फोटो का नाही काढला, व्हिडिओ का नाही केला, असं तुम्ही विचारणार. मीही तेच विचारलं असतं. मी आईचा हात दोन्ही हातांत धरून रडत होते, म्हणून नाही काढला. मान वर केली तेव्हा स्क्रीनवर अंगण होतं आणि कोंबड्या होत्या.

त्यानंतर आईला ते खाचर कधीच सापडलं नाही. मुद्दाम बटण दाबून, मूठ वळवून, सगळं करून पाहिलं. भिंत. तिला वाईटबिईट काही वाटलं नाही. गेम माझ्याकडे देत म्हणाली, "लावून झालं नव्हं? आता तिथं काय काम?"

मेच्या शेवटी दादा आला, सकाळच्या एसटीने. आईने त्याला खुर्चीवर बसवलं, मला हलू दिलं नाही. आधण ठेवलं, पूड-साखर घातली, उजव्या हातात सांडशी धरून पातेलं उचललं. तीन कपांत चहा ओतला, थोडा बशीत सांडला. दादाने एक घोट घेतला, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, "साखर जास्त झालीय." त्याच संध्याकाळी तो तिला गावी घेऊन गेला.

हात कसा बरा झाला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. मॅडम म्हणाल्या, रोज व्यायाम केला की असं होतं, गेमने तर होतंच होतं. मान्य. त्या रिपोर्टवर मी सही करते. पण ते शेत कुणी जुळवलं? त्या रिपोर्टवर मला आजही सही करता येत नाही. डोळे तपासून आले आहे, चष्म्याचा नंबर तोच आहे.

लावणीला मी चार दिवस रजा टाकून गेले. चहाची किटली घेऊन बांधावर उभी राहिले, नेहमीसारखी. खाचरात एका कडेला आई, दुसऱ्या कडेला भागीकाकू (उशिरानेच आली!) आणि मध्ये एक पात मोकळी. मी बघतच राहिले.

न राहवून विचारलं, "काकू, तू कधी व्हिडिओ गेम खेळलीस?"

"त्यो काय असतो?"

"बरं, आईचा हात बरा झाला हे तुला कधी कळलं? दादाने फोन केला तेव्हा?"

"फोन कशाला लागतो गो?" काकूने रोपांची जुडी सोडवता सोडवता माझ्याकडे बघितलं. "तीस वरसं बाजूच्या पातीला हाय ती. तिचा हात चालतोय का नाय, मला नाय कळनार?"

एवढं बोलून ती कामाला लागली.

"येतंस ना?" आई म्हणाली. "का तुझी पात बी मीच लावू?"

किटली बांधावर ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि उतरले. चिखल गार होता. माझी रोपं वाकडीतिकडी लागत होती, काकू हसत होती, आईचा उजवा हात शेजारी भराभर चालत होता. मी मागे मागे सरकत होते. तिसऱ्या खाचरात मध्यावर आले आणि टाचेला कठीण काहीतरी लागलं.

"धोंडा हाय," आई मान वर न करता म्हणाली. "सांगितलं व्हतं ना तुला?"