व्हिसा देणारे न्यायाधीश

ती घटना आजही आठवली की हातातला चहा गार होतो. सिडनीत केंद्रीय पोलिसांत असताना मी इतके ठग पकडले, की तुरुंगवाले मला बघून दार लावून घेत. तरी असा धक्का दुसरा नाही.

करोनाचे दिवस. कोर्टंसुद्धा लॅपटॉपवर आलेली. हॅरिस पार्कमधल्या एका मिठाईवाल्याचा फोन आला. वेस्टमीडच्या इस्पितळात काम करणाऱ्या एका मराठी नर्सने त्याच्याकडे पाच किलो पेढे सांगितले होते. (तो तीनच म्हणतो, मी पाचावर ठाम आहे.) कारण काय, तर फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी तिला व्हिसा दिला.

"साहेब, माझ्या भावाची केस तिथेच होती," तो म्हणाला. "कोर्ट व्हिसा देत नाही. मग हिला कोणी दिला?"

मी खुर्चीतून असा उडालो, की छताला अजून खूण असेल. त्याचं खरं होतं. सरकारने व्हिसा नाकारला, तर तो निर्णय कायद्याला धरून झाला का, एवढंच ते कोर्ट बघतं. चूक सापडली तर निर्णय पुन्हा घ्यायला लावतं. व्हिसा देणं त्याच्या अधिकारातच नाही.

नर्सच्या दारात मास्क लावून जबाब घेतला. सरकारने तिचा व्हिसा नाकारला होता, आणि कोर्टाच्या सुनावणीची लिंक तिचं व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटने पाठवलेली. न्यायाधीशांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, बोलणं फार प्रेमळ. कोर्टाच्या कचेरीत चौकशी केली, तर तिच्या नावाचा अर्जच नाही. अर्जाची पस्तीस दिवसांची मुदत उलटून दोन महिने झालेले. आयसीयूत राबणारी ही बाई कधीही देशाबाहेर काढली गेली असती. हे सांगितल्यावर ती पायरीवर बसली.

"अहो, मी सगळ्या वॉर्डला पेढे वाटले," एवढंच म्हणाली.

एजंट चौकशीत तोंड उघडेना. वॉरंट घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. तिथे सीमा बंद असल्यामुळे अडकलेले त्याचे सासरे होते. पुण्याचे निवृत्त मुख्याध्यापक, हौशी नाटकवाले. टोप खुंटीवरच होता. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं,

"काय हो, कसा वाटला माझा जज?"

जावयाने त्यांना सांगितलं होतं, की बाई घाबरट आहे, खऱ्या सुनावणीआधी तालीम घेऊ, बरं वाटावं म्हणून शेवटी जिंकवू. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी कागद मागून घेतला आणि सगळा जबाब स्वतःच लिहून दिला. त्यांचा जबाब समोर ठेवला आणि जावई फुटला. अर्जाची मुदत त्याच्याच हातून हुकली होती, ते लपवायचं होतं.

"हरलीस म्हटलं असतं तर ती एखाद्या वकिलाकडे गेली असती," तो म्हणाला. "जिंकलेला माणूस कागद तपासत नाही, सर."

इतकं खरं वाक्य मी कुठल्याच आरोपीकडून ऐकलं नव्हतं.

मुदत वाढवून द्यायचा अधिकार मात्र त्या कोर्टाला होता. नव्या वकीलबाईंनी अर्ज केला, सोबत आमचे कागद जोडले. सुनावणी स्क्रीनवरच झाली, मीही एका कोपऱ्यात हजर होतो. खरे न्यायाधीश टोपाशिवाय होते, चेहरा खडूस. त्यांनी मुदत वाढवली, व्हिसा नाकारण्यातली चूक दाखवली आणि म्हणाले,

"व्हिसा देणं माझ्या अधिकारात नाही. निर्णय पुन्हा घ्या, एवढंच मी सांगू शकतो."

नर्स हुंदके देऊन रडायला लागली. वकीलबाई घाबरल्या, हिला निकाल कळलाच नाही की काय. मला मात्र समजलं. आपण या वेळी खऱ्या कोर्टासमोर आहोत, याची तिला त्या वाक्याने खात्री पटली होती.

तेव्हापासून खरा अधिकारी ओळखायची माझी एकच खूण आहे. आपल्याला काय करता येत नाही, हे तो आधी सांगतो.