सात अंड्यांचा पंचनामा

निघताना पाहिलं, दादाच्या माडाचा नारळ आमच्या अंगणात पडला होता. मी तो नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे टाकला. दादाही तो नेहमीप्रमाणे परत टाकतो. वाटणी झाल्यापासून आम्हा भावांचं बोलणं तेवढंच.

बेत साधा होता. अलिबागहून रिक्षाने रेवसच्या अलीकडे उतरायचं, खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) बांधावरून तासभर चालायचं आणि ओळखीच्या मंदाताईंकडे घावन-अंडी खायची. आम्ही तिघे: बापू निवृत्त बेलीफ, नाना निवृत्त वकील आणि मी त्याच कोर्टातला स्टेनो. चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. न्याहारीचं आम्ही आमच्या अधिकारात ठरवलं.

चैत्राची सकाळ. शेताशेतांत बायका पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालत होत्या, गळून पडलेल्या काजूच्या बोंडूंचा आंबूस वास सुटला होता. नानांची एक चप्पल चिखलात गेली. बापूंनी लगेच विचारलं, "डावी की उजवी?" आणि डायरीत नोंद केली. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही.

मंदाताईंच्या अंगणात मांडव होता. लेकीचं लग्न परवावर आलेलं. चूल मात्र थंड. ओटीवर सुपात सात अंडी आणि सुपाच्या दोन बाजूंना दोन जावा: धाकट्या मंदाताई आणि शेजारघरच्या थोरल्या सखूबाई.

"कोंबरी माजी हाय," सखूबाई म्हणाल्या, "म्हंजे आंडी माजी."

"दाना माज्या दारात खाते, घालते माज्या पेंढ्यात," मंदाताई म्हणाल्या. "मंग माजी न्हाय का?"

सखूबाई गावच्या धवलारीण (धवला, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गाणाऱ्या). अंडी मिळेपर्यंत धवला गाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"धवल्याबिगर माज्या पोरीचं लगीन लागंल कसं?" मंदाताईंचे डोळे भरून आले आणि मला माझ्या भुकेची लाज वाटली.

"आम्ही कोर्टातले," बापू म्हणाले. हे बोलायला नको होतं. दोन मिनिटांत आम्ही पंच झालो. मंदाताईंनी पाणी आणलं, तर बापूंनी हात आडवा केला. "पंचांनी पक्षकाराच्या घरचं घ्यायचं नसतं." सखूबाईंचा चहाही परत गेला. नोकरीत असताना हा बाणा कुठे होता, कोण जाणे.

उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी पंचनामा लिहू लागलो. सखूबाईंच्या उंबऱ्यापासून पेंढ्यापर्यंत बापूंनी पावलं मोजली, एकवीस. नानांनी एका चपलेनिशी मोजली, चोवीस. वाद एवढा रंगला, की नानांनी ओटीवर उलटी ठेवलेल्या टोपीत कोंबडी कधी जाऊन बसली ते कळलंच नाही. ती उठली तेव्हा टोपीत आठवं अंडं होतं.

जागेच्या हिशेबाने हे अंडं नानांचं.

"म्हणजे मी आता पंच नाही, पक्षकार," नाना आनंदाने म्हणाले. "मला चहा चालेल."

आधी मंदाताईंना हसू फुटलं, मग सखूबाईंना. दोघींनी एकदम पदर तोंडाला लावला. संधी साधून मी म्हणालो, "मुद्देमाल नाशवंत असेल, तर त्याची ताबडतोब विल्हेवाट लावता येते." बापूंनी बराच विचार केला आणि मान डोलावली. भूक त्यांनाही होती.

तवा सखूबाईंचा, कांदा मंदाताईंचा. आठही अंड्यांची पोळी झाली आणि पाच ताटांत पडली. सखूबाईंनी पहिला घास घेतला. "मीठ कमी हाय, मंदे." मंदाताई मीठ आणायला आत वळल्या आणि मागे सखूबाई हलक्या आवाजात धवला गुणगुणू लागल्या. मंदाताई मीठ हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. तशी चव मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

दुपारी घरी आलो, तर सकाळचाच नारळ अंगणात परत आलेला. या खेपेला त्याला तडा गेला होता, पाणी गळत होतं. मी उचलला, भिंतीपाशी गेलो. हात वर गेला आणि तसाच राहिला.

"दादा," मी हाक मारली. "नारळ फुटलाय. टिकणार नाही. चटणी वाटतोय, ये."

पलीकडे चपला वाजल्या आणि भिंतीपाशी येऊन थांबल्या.

"मिरची कमी घाल," दादा म्हणाला.