चंद्रीचा ताण

हसणार नसाल तरच सांगतो. सासुरवाडीत माझी जी काही शोभा झाली, ती अजून आमच्या कंपनीत कुणाला कळलेली नाही.

मी राहतो निगडीला, नोकरी चाकणला, क्वालिटी विभागात. सासुरवाडी चाकणच्या थोडी पलीकडे. मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं आणि सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं, की बासुंदी घरच्या दुधाची. म्हैस एकच, चंद्री. मी हौसेनं दोन दिवस आधीच जाऊन पोचलो, तिथंच घोटाळा झाला.

गोठा पाहिला आणि माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. आत अंधार, पत्रा खाली आलेला, चंद्री कोपऱ्यात. मी नुकताच एक व्हिडिओ पाहिला होता. जनावराला जागा नीट नसली, हाताळणी धसमुसळी असली की म्हणे ताणाचं हार्मोन वाढतं आणि दूध घटतं. सासऱ्यांना मी हे चांगलं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "व्हय व्हय, पावणं म्हणतील तसं." आता जावयाला नाही कोण म्हणणार? मला मात्र वाटलं, त्यांना पटलं.

मग काय विचारता! चंद्रीला कोपऱ्यातून काढून दाराशी हवेशीर बांधलं. पायाखाली रबरी मॅट, समोर टेबलफॅन, जमिनीवर कंपनीत असतात तसे पिवळे पट्टे. पत्रा डोक्याला लागायचा म्हणून मी हेल्मेट घालूनच वावरत होतो. संध्याकाळी सासूबाई धार काढायला बसल्या, तर चरवीत जेमतेम चहापुरतं दूध.

मी म्हटलं, ताण अजून शिल्लक आहे. स्पीकरवर बासरी लावली, शाम्पूनं आंघोळ घातली. सकाळी दूध आणखी कमी. म्हणजे माया कमी पडतेय! दिवसभर तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो. संध्याकाळी तिनं लाथ घातली आणि आम्ही कोरा चहा प्यायलो.

बारसं दुसऱ्या दिवशी. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मेव्हण्यानं जनावरांचे डॉक्टर आणले. तपासून ते म्हणाले, "आजार काही नाही, घाबरलीय. ताणाचं हार्मोन वाढलं की पान्हा फुटत नाही."

"मी तेच सांगत होतो," मी सासऱ्यांना म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, गोठ्यात नवीन काय झालंय? सासरे वर पत्र्याकडे बघायला लागले, सासूबाई चरवीत. जावयाचा मान म्हणून घरातलं कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. चंद्रीला कुठला मानपान? ती डोळे वटारून सरळ माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरही वळले. "हे सगळं काढा, म्हैस जुन्या जागी बांधा," ते म्हणाले, "आणि हे हेल्मेटवाले कॉन्ट्रॅक्टर काही दिवस आत नकोत."

बासुंदी शेवटी पिशवीच्या दुधाची झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना सासऱ्यांनी रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी दिली. सासूबाई गाडीपर्यंत आल्या, अगदी प्रेमानं म्हणाल्या,

"पावणं, दिवाळीला तुमी कशाला दगदग करताय? आमीच येतो निगडीला."