सीटमागचा बूफर

"लागलं का छातीत?" असं विचारत तो गिऱ्हाइकाच्या छातीवर सरळ तळहात ठेवायचा. ग्रीसने आणि खर्र्याने माखलेला काळा तळहात. गाडीत बूफर, म्हणजे धमधमणारा मोठा स्पीकर, बसवून झाला, गाणं सुरू केलं, की ही त्याची तपासणी. कानाला कसं वाटतं हे त्याने कधी कोणाला विचारलं नाही. छातीत धक्का बसला पाहिजे, बस. गिऱ्हाईक खुशीत मान हलवायचं आणि शर्टावर पाच बोटं घेऊन घरी जायचं. माझ्याही दोन पांढऱ्या शर्टांवर ती आहेत. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून झालं.

वडशात माझं सीट कव्हरचं दुकान आहे. त्याची पत्र्याची टपरी माझ्याच भिंतीला टेकलेली. मी सीट शिवायची आणि त्याने बूफर बसवताना ती फाडायची, असा आमचा शेजार. तुमच्याही शेजारी असा एक असेलच, ज्याच्याशिवाय धंदा चालत नाही आणि ज्याच्याकडे बघवत नाही. मला त्याची किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर सगळे गोड बोलायला लागतात. मला ते जमत नाही.

आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. तो त्याच्या गालात सकाळी टपरी उघडायच्या आधीपासून असायचा. थुंकायची जागा म्हणजे आमची सामाईक भिंत. मी रोज सकाळी फिनाईल टाकून ती धुवायचो. शेवटी देवांच्या चित्रांच्या चार फरशा आणून लावल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर फरशा स्वच्छ आणि त्यांच्या चहूबाजूंनी लाल महिरप.

"लाज नाही वाटत?" मी ओरडलो.

"देवाले सोडूनच थुकलो ना भाऊ," तो म्हणाला. वर माझ्याच बाटलीतलं पाणी घेऊन त्याने चूळ भरली. ती बाटली मी त्याच्यासमोर नालीत टाकली. त्याला काहीच वाटलं नाही.

पण सगळ्यात वाईट ते स्क्रूचं. बूफरचा लाकडी डब्बा बसवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून तो मूठभर स्क्रू तोंडात धरायचा. खर्रा एका गालात, स्क्रू दुसऱ्या गालात. लागेल तसा एकेक ओठांवर आणायचा आणि लाल थुंकीसकट प्लायवूडमध्ये पिळायचा. मग मला हाक मारायचा, "भाऊ, रेक्झिन चढवून देता का?" तो ओला डब्बा मी फडक्याने धरायचो. त्या दिवसांत माझं दुपारचं जेवण अर्धं राहायचं.

त्याच्याच गावच्या सुधाकरने नवी छोटी पिकअप घेतली. धान गिरणीवर पोचवायचं आणि हिवाळ्यात नाटक मंडळीचे पडदे, पेट्या गावोगावी न्यायच्या, हे त्याचं काम. त्यालाही बूफर पाहिजे होता. त्या गाडीच्या केबिनमध्ये धड पाय लांब करता येत नाहीत. सीटमागे वीतभर जागा, तिच्यात जॅक आणि पाना.

"माणूस बसंल कुठी?" मी विचारलं.

"बसणारा हायच कोन? डायवर तं एकटाच राह्यते," तो म्हणाला. त्याने मोजपट्टी कधी वापरली नाही. वीत टाकली, डावी सीट तेवढी पुढे ओढली, नवीन भोकं पाडली आणि पाठ पार ताठ उभी केली. तिच्यामागे डब्बा कोंबला. जॅक गेला मागच्या हौद्यात. मी नाक मुरडत रेक्झिन चढवलं, पण लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई मारली, कारण माझं काम मला वाईट करता येत नाही. गाणं लागलं तेव्हा आरसा थरथरला. सुधाकरच्या छातीवर पंजा उमटला. डाव्या सीटवर मी बसून बघितलं तर गुडघे डॅशबोर्डला आणि डोकं पुढे ढकललेलं. "शाळंत शिक्षा केल्यावानी वाटते," मी म्हणालो. दोघंही हसले.

त्यानंतर वर्षभराने त्याच्यात फरक दिसायला लागला. स्क्रू तोंडात धरणं बंद झालं. ते शर्टाच्या खिशात यायला लागले. आम्ही चहाबरोबर भजी खायचो, ती त्याने सोडली. "तिखट लागते भाऊ," एवढंच म्हणायचा. चहासुद्धा बशीत निववून घ्यायचा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! चहावाल्यासमोर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "आता माणसात आलास." तो ओठ मिटून हसला. हे मी का सांगतो आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

मग एका दुपारी तो माझ्या दुकानाच्या पायरीवर आला. चपला काढून आला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. उजेडाकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "पाह्य ना भाऊ. दोन बोटं बी जाऊन नाई राह्यले." त्याने बोटं दातांशी लावून दाखवली. एक कसंबसं गेलं. त्या फटीतून आतला पांढरा पडलेला गाल आणि एक जखम दिसली आणि वास आला.

मी तोंड फिरवलं. नुसतं फिरवलं नाही, हाताने नाक दाबलं आणि दोन पावलं मागे झालो. कुत्र्यालाही कोणी असं करत नाही. परत वळलो तेव्हा त्याने तोंड मिटलं होतं.

"जाऊ द्या," तो म्हणाला आणि चपला हातात घेऊनच गेला.

टपरी बंद झाली. महिना-दीड महिन्याने सुधाकर पिकअप घेऊन माझ्या दारात उभा राहिला. नागपूरला त्याच्या गालावर रेडिएशनचे शेक चालू होते. निरोगी तोंडात तीन बोटं उभी जातात, असं तिथला डॉक्टर म्हणाल्याचं सुधाकरने सांगितलं. एसटीत लोक नाकाला रुमाल लावायचे, म्हणून सुधाकर त्याला आपल्या गाडीतून नेत होता.

"भाऊ, तेवढी सीट मांगं घेऊन द्या. त्याले टेकताच येऊन नाई राह्यलं. खड्डा आला का मानेले हिसका बसते, मंग रडते तो."

मी केबिनमध्ये शिरलो. माझीच दुहेरी शिलाई उसवली. डब्बा एका हाताने आणि खांद्याने तोलून धरला आणि त्याचे स्क्रू काढायला लागलो. गंजून तांबडे झालेले स्क्रू. एका हातात पेचकस, एका हातात डब्बा, आणि स्क्रू खाली पडले तर सीटच्या सांध्यात जाणार. तिसरा स्क्रू काढताना कळलं, की आधीचे दोन मी ओठांत धरले आहेत. तोंडात लोखंडाची खारट चव होती. पण मी ते थुंकलो नाही, सगळे निघेपर्यंत तसेच धरले.

सीट जुन्या भोकांवर बसवली, पाठ मागे झुकवली, मानेखाली जाड फोम लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नागपूरला निघताना दुकानासमोर थांबले. तो अर्धा राहिला होता. त्याने मान टेकली, डोळे मिटले आणि दातांच्या फटीतून कसंबसं विचारलं, "बूफर कुठी ठेवला? फेकू नका."

"ठेवला आहे," मी म्हणालो. पायरीवरच्या त्या दुपारबद्दल त्याच्याशी बोलायचं होतं. गाडीला उशीर होत होता.

पुढच्या फेरीला गाडी आली नाही.

डब्बा माझ्याकडेच आहे. भिंत आता कोरडी असते. तरी सवयीने मी फिनाईल टाकतो. समोरच्या पानठेल्यावर पन्न्या घोटणं चालूच आहे. त्याच्या दहाव्याला आलेले निम्मे लोक तिथूनच गाल भरून येऊन बसले होते. ते बघून मला जशी शिसारी आली, तशी त्याची कधी आली नव्हती.

परवा सुधाकर आला. नाटकांचा हंगाम सुरू झाला होता. "भाऊ, तो डब्बा वापस बसवून देता का? त्याची आठवण म्हणून," असं म्हणत त्याने खिशातून पन्नी काढली आणि चिमूट गालात सारली.

"थुंक ते," मी म्हणालो.

"काऊन भाऊ?"

"थुंक. इथंच, माह्या भिंतीवर थुंक. आन तोंड उघड."

तो हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला. त्याने भिंतीवर थुंकलं, देवाची फरशी सोडून, आणि तोंड उघडलं. तोच वास. मी त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणालो, "आता तीन बोटं घालून दाखव."