चारावरचा काटा

मालवणातून देवबागेकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शेड आहे. वर पत्रे, तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, चौथी बाजू उघडी. तिच्यात आम्ही तिघे काम करत होतो. पुढे रस्त्याच्या अंगाला टायर-पंक्चरवाला, माझ्याच वयाचा, आतल्या एका गावातल्या शेतकरी घरातला. मधे मी, लाकडी दारं-कपाटांना पॉलिश मारणारा. आणि मागे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. साठी उलटलेले, ख्रिस्ती, तरुणपणी गोव्यात राहून हे काम शिकून आलेले. ते मला 'झिला', म्हणजे पोरा, म्हणायचे.

तिघांनाही हवा लागायची. पंक्चरवाल्याला टायरसाठी, मला स्प्रे गनसाठी, मिस्त्रींना घासायच्या मशीनसाठी. तिघांचे तीन छोटे कॉम्प्रेसर एकदम चालू झाले की दिवे मंद व्हायचे आणि मोटारी घरघरत बसायच्या. म्हणून ते देऊन टाकले आणि तिघांत मिळून एक मोठा घेतला. मी आयटीआयचा फिटर. त्यामुळे बसवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बंद पडलेल्या एका कारखान्यातला कॉम्प्रेसर होता, आडव्या टाकीचा. टाकी एवढी, की आत माणूस आरामात आडवा झाला असता. भिंतीने पाइप फिरवले, त्यांना उतार दिला, प्रत्येकाची फांदी पाइपाच्या वरच्या अंगाने काढली, म्हणजे आतलं पाणी आमच्या हत्यारांपर्यंत येऊ नये. पहिल्या दिवशी तिघांनी एकदम हवा घेतली आणि दिवा जरासुद्धा मिणमिणला नाही, तेव्हा मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

हवा दाबली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन टाकीच्या तळाशी उतरतो. काम संपल्यावर तळाचा नळ सोडून ते रोज काढावं लागतं. आमच्याकडची हवा समुद्रावरची. पावसाळ्यात रोज तांब्याभर तांबूस पाणी निघायचं. नळ टाकीच्या पोटाखाली होता, तिथे हात पोचायला ओल्या जमिनीवर आडवं व्हावं लागे. आम्ही पाळ्या लावल्या. पहिलं वर्ष सगळ्यांनी नीट पाळल्या. मग कधी कुणाच्या लक्षात राहायचं, कधी नाही. माझ्याही राहायचं नाही, आणि ज्याची पाळी चुकली त्याला काही बोलायचा अधिकार मग कुणालाच उरला नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या पॉलिशवर पांढरे डाग उठायला लागले. पाणी गनपर्यंत येत होतं. मी हवा गाळायच्या जाळ्या बदलल्या, पाइप उघडून पुसले, उतार पुन्हा मोजला. एका सकाळी टाकीखालून बारीक सूं सूं ऐकू आली. साबणाचं पाणी लावलं तर तळाला दोन ठिकाणी फुगे. वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने वाकून हातोडीच्या दांड्याने तळ वाजवून पाहिला, इथे, तिथे, मग उठून उभा राहिला.

"तळ गंजान कागद झालो हा ह्येचो," तो म्हणाला. "मी हात लावचंय नाय. आणि तुमी पण चालवू नकात."

त्याच दिवशी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडे नवी टाकी सांगितली. तिसऱ्या दिवशी ती निघायची होती. दुसऱ्याच दिवशी गगनबावड्याच्या घाटात दरड आली. मी व्यापाऱ्याला फोन केला. "दुसऱ्या घाटाने पाठवा ना," मी म्हटलं. "तिथे जड गाड्या सोडत नाहीत. आमच्या हातात काही नाही," तो म्हणाला. मी सकाळी एक, संध्याकाळी एक असे फोन करत राहिलो. एका दिवशी न राहवून मोटरसायकल काढली आणि पावसातून वैभववाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी गेलो. आडव्या बांबूपाशी रेनकोट घातलेला पोलीस उभा होता. "काम चालू आहे, कधी होईल सांगता येत नाही," एवढंच तो म्हणाला. वरचा डोंगर धुक्यात दिसतसुद्धा नव्हता. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मी बघत राहिल्याने दरड थोडीच हलणार होती! पण लगेच परतवेना.

काम थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस होते आणि मिस्त्रींकडे दोन होड्या उलट्या पडल्या होत्या. शेवटी मीच मार्ग काढला. हवेचा दाब आठाऐवजी चारावर गेला की कॉम्प्रेसर बंद पडेल असा स्विचमधला स्क्रू फिरवला आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर चारापाशी लाल रंगाची रेघ मारली. "ह्येच्या वर काटो जावक नको," मी दोघांना सांगितलं. चारावर मिस्त्रींचं मशीन कसंबसं फिरायचं, एका होडीला दुप्पट वेळ लागायचा. ते घासत राहायचे. पंक्चरवाला मात्र रोज विचारायचा, "आज टाकी येतली मां?" चाराच्या हवेत मोटरसायकली आणि रिक्षा भागत, ट्रकचं टायर भरत नसे. रोज एक-दोन ट्रक थांबत आणि पुढे निघून जात.

नवव्या दिवशी, जेवणाच्या आधी, सिमेंटचा ट्रक आला. ड्रायव्हर घाईत होता, हॉर्नवर हात ठेवून बसलेला. पंक्चरवाला मागे आला, त्याने स्विचचं झाकण काढलं आणि स्क्रू फिरवला. मी दाराची फळी घासत होतो. मी पाहिलं. कॉम्प्रेसर सुरू झाला, काटा लाल रेघेवर आला आणि पुढे गेला. पंक्चरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी फळीकडे पाहिलं.

तेव्हा मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मोठं काही नव्हतं. नऊ दिवस मीच सगळ्यांना नको म्हणत होतो आणि मला त्याचा कंटाळा आला होता. एकच टायर आहे, दहा मिनिटांत परत खाली करील, असं वाटलं.

मिस्त्री रेझिनचा डबा घ्यायला टाकीच्या बाजूला गेले होते.

आवाज मला आठवत नाही. टाकी जागेवरून उठून भिंतीवर आदळली होती आणि चिऱ्यांची लाल धूळ सगळीकडे पसरली होती. धुळीत मिस्त्री जमिनीवर बसलेले, दोन्ही हात कानांवर. उजव्या हाताच्या बोटांतून रक्ताची बारीक रेघ उतरत होती.

"काय झाला? काय झाला रे?" ते ओरडत होते.

"टाकी फुटली, मिस्त्री."

"काय झाला रे?"

आम्ही दोघे दोन्ही बाजूंनी सांगत होतो आणि ते विचारतच होते.

ओरोसच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला, डाव्याला थोडंफार येईल. मिस्त्रींची बायको आली, त्यांच्या पायाशी बसली. तिने मला विचारलं, "कशी फुटली रे?" मी म्हटलं, "जुनी होती." ते खोटं नव्हतं.

चार दिवसांनी घाट सुरू झाला आणि टाकी आली. ती मी शेडबाहेर बसवली, तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत घालून. तिच्या तळाचं पाणी आपोआप निघतं, कुणाला आडवं व्हावं लागत नाही. तिन्ही टोकांना हवा बरोबर येते. मिस्त्रींच्या होड्या मालक दुसरीकडे घेऊन गेले होते. पंक्चरवाला त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी बोलला नाही, मीही त्याच्याशी नाही. पण मिस्त्री परत कामाला यायला लागल्यापासून तो त्यांना रोज सकाळी घरून मोटरसायकलवर आणतो आणि संध्याकाळी नेऊन सोडतो.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मिस्त्री चहाचा कप घेऊन माझ्या बाजूला बसले.

"झिला, एक इचारू?" ते म्हणाले. हल्ली ते मोठ्याने बोलतात. "तू तर चारावर बांदून ठेवललंस. मगे फुटली कशी? काटो खंय होतो?"

"चाराच्या वर," मी म्हटलं. "माका दिसललो."

"काय?" त्यांनी डावा कान पुढे केला, त्यावर हात धरला. "काय म्हणालंस?"

आता सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं. पुढे पंक्चरवाल्याची हातोडी थांबली होती. तो आमच्याकडे पाठ करून, टायरवर हात ठेवून, तसाच बसला होता.

"कायनाय," मी हात हलवला. "जुनी होती टाकी."

"होय तर," मिस्त्री म्हणाले. कप खाली ठेवून ते उठले आणि त्यांनी मशीन लावलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.